रंगाच्या वर्गात रंगद्रव्य परत कसे आले

समकालीन कलेतील रंगाची ओळख करून देणाऱ्या प्रौढांच्या वर्गांत आज बहुधा दोन प्रकारचे धडे असतात: शेजार बदलला की तोच रंग वेगळा का दिसतो हे पाहणे, आणि काचेवर रंगद्रव्याची भुकटी जवसाच्या तेलात किंवा डिंकात घोटून रंग स्वतः तयार करणे. हे दोन्ही धडे दीर्घकाळ एका वर्गात नव्हते.

पहिल्याचे मूळ पॅरिसच्या गोबेलँ विणकामशाळेत आहे. १८२४ मध्ये तेथील रंगाईची सूत्रे रसायनशास्त्रज्ञ शेव्रल यांच्याकडे आली, तेव्हा निळ्या-जांभळ्या वस्त्रांच्या सावल्यांतील काळा धागा निस्तेज दिसतो, अशी तक्रार होती. धागा तपासल्यावर दोष रंगाईचा नसून शेजारच्या रंगांचा आहे, असा निष्कर्ष त्यांनी काढला आणि १८३९ मध्ये तो सविस्तर ग्रंथरूपाने मांडला.

जर्मनीतील बाउहाउस ही कलाशाळा १९३३ मध्ये बंद पडल्यावर अमेरिकेत गेलेले तिथले शिक्षक, चित्रकार जोसेफ आल्बर्स यांनी, आधी ब्लॅक माउंटन कॉलेजात आणि १९५० पासून येल विद्यापीठात, याच अनुभवाला अभ्यासक्रमाचे रूप दिले. त्यांच्या वर्गात कुंचल्याऐवजी रंगीत कागद असे. एकाच कागदाचे दोन छोटे तुकडे दोन वेगळ्या पार्श्वभूमींवर असे ठेवायचे की ते दोन निराळे रंग वाटावेत. कागदाचा रंग मिश्रणागणिक बदलत नाही, त्यामुळे चूक झाली तर ती डोळ्याचीच. पद्धत अचूक होती, पण रंग कशापासून बनतो हा प्रश्न तिने वर्गाबाहेर ठेवला.

तो प्रश्न हार्वर्डमध्ये मात्र शिकवला जात होता. फॉग संग्रहालयाचे संचालक एडवर्ड फोर्ब्स यांनी जगभरची रंगद्रव्ये जमवली होती आणि त्यांच्या वर्गातील विद्यार्थी गिलाव्यावर, अंड्याच्या बलकात कालवलेल्या रंगांनी, जुन्या चित्रपद्धती हाताने करून पाहत. तरीही मार्क रॉथको यांनी याच विद्यापीठासाठी रंगवलेली आणि १९६४ मध्ये उन्हाच्या दालनात लावलेली पाच भव्य चित्रे त्यांतील लिथॉल रेड या कच्च्या तांबड्यामुळे इतकी विटली, की १९७९ पर्यंत ती उतरवावी लागली. २०१४ मध्ये ती पुन्हा मांडताना चित्रांना हात न लावता, उडालेला रंग प्रक्षेपित प्रकाशाने भरून काढला गेला. आल्बर्स यांच्या कागदी तुकड्यांतून हा धडा मिळाला नसता.

मधल्या काळात साहित्यही बदलले होते. १९५०च्या दशकात पाण्यात मिसळणारे ॲक्रिलिक रंग बाजारात आले, आणि मुंबईत जन्मलेल्या अनिश कपूर यांनी १९७९च्या भारतभेटीनंतर कोरड्या भुकटीलाच शिल्पाचा पृष्ठभाग केले. म्हणूनच आता हौशी प्रौढांनाही ट्यूबवरील आकर्षक नावाऐवजी खालचा रंगद्रव्याचा बारीक सांकेतिक क्रमांक वाचायला शिकवतात: तेथे ‘पीबी २९’ (पिग्मेंट ब्लू, म्हणजे निळे रंगद्रव्य, क्रमांक २९) असेल तर नाव काहीही छापलेले असो, आत अल्ट्रामरीन निळाच असतो.