रंकाळ्याची संध्याकाळ : सांगलीहून अर्ध्या दिवसाची सहल

फोनवर पहिला प्रश्न ठरलेला असतो, "कोल्हापूरपर्यंत जाताय, मग पन्हाळा-जोतिबा का नाही?" करता येतं, पण मग सगळा दिवस गाडीत चढण्या-उतरण्यातच जातो. या सहलीत अंबाबाईचं दर्शन आणि रंकाळा तलाव एवढंच आहे, त्यातही जास्त वेळ रंकाळ्याला. आजी-आजोबा आणि नातवंडं एकत्र निघाली की हाच बेत झेपतो.

गाडी दुपारी एकला विश्रामबागेतून सुटते. अंकली, जयसिंगपूर, हातकणंगले करत साधारण पन्नास किलोमीटर. दर्शन आटोपून साडेचारपर्यंत तलावावर पोचायचं, म्हणजे कठड्यावर बसायला जागा मिळते. रविवारी सहानंतर येणारे उभ्यानंच भेळ खातात.

९ ते ११ नोव्हेंबर आणि ३१ जानेवारी ते २ फेब्रुवारी या तारखा आम्ही घेत नाही. मावळतीची किरणं देवीच्या मूर्तीपर्यंत पोचतात तो किरणोत्सव याच दिवसांत असतो आणि देवळात गर्दी होते. तो बघायचा असेल तर निवांत वेगळा बेत करा. अनंत चतुर्दशीलाही सहल नाही. शेजारच्या इराणी खणीत विसर्जन असतं, गाडी लावायला जागा मिळत नाही.

रंकाळा मुळात दगडाची खाण होती, असं सांगतात. काठावरच्या नंदीची गोष्ट मुलांना जरूर सांगा : तो रोज गव्हाएवढा पुढे सरकतो आणि तांदळाएवढा मागे येतो, आणि तळ्याला टेकेल त्या दिवशी जगबुडी! हिशेब मांडायला बसलेली मुलं बराच वेळ गप्प राहतात. पाणी उतरलेलं असेल तर तळ्यातल्या संध्यामठाचे, म्हणजे जुन्या दगडी मंडपाचे, खांब बरेच उघडे दिसतात. पलीकडचा शालिनी पॅलेस १९३१ ते १९३४ या काळात बांधला. तो काठावरूनच बघायचा, आत नेत नाही.

चालणाऱ्यांनी चौपाटीवर न रेंगाळता काठाकाठानं पुढे जावं. गर्दी मागे पडते, वारा अंगावर येतो आणि पाण्यावरचे पक्षी दिसायला लागतात. लहानांना पद्माराजे उद्यान बरं. बोटिंग चालू असेल तर तिकीट तुमचं तुम्ही काढायचं. लाइफ जॅकेट अंगात घातल्याशिवाय मुलांना बोटीत बसवू नका, बोटवाल्यानं "काय होत नाही" म्हटलं तरी.

खाण्याचा खर्च सहलीच्या दरात नाही. भडंगाच्या गावची माणसं आपण, पिशवीत पुडा असणारच. तरी इथली भेळ खाऊन बघा. कांदा, कोथिंबीर, कैरीचे तुकडे, वरून तिखटजाळ चटणी; पोरांसाठी "कमी तिखट" हे कालवायच्या आधीच सांगा, कारण त्यांचं कमी म्हणजे आपलं बेताचं. रिकामे द्रोण आणि पिशव्या गाडीतल्या डब्यात टाकायच्या. या तळ्यानं केंदाळाचा, म्हणजे जलपर्णीचा, बराच त्रास काढला आहे, त्यात आपली भर नको.

पावसाळ्यात पंचगंगा चढली की सहल रद्द. २०१९ आणि २०२१ च्या पुरात शिरोलीजवळ महामार्गच बंद झाला होता, त्यामुळे इथं आम्ही धोका पत्करत नाही. अशा वेळी आगाऊ रक्कम पूर्ण परत. तुम्ही स्वतः रद्द केलंत तर दोन दिवस आधी कळवा.

आठनंतर गाडी परत फिरते. ज्यांना गाडी लागते त्यांनी पुढची सीट नाव नोंदवतानाच सांगून ठेवावी.