थाई पाहुण्यांचा ‘वाय’ आणि आपला नमस्कार

अशोक विजयादशमीला दीक्षाभूमीवर पाण्याच्या स्टॉलपाशी थायलंडहून आलेली एक विशीतली मुलगी भेटली. माझी पन्नाशी उलटलेली. आपल्या गावात आलेली पाहुणी, म्हणून मीच आधी हात जोडले आणि आदर दिसावा म्हणून जरा वाकलो. ती एकदम बावरली. घाईघाईने बाटली काखेत धरून तिने हात जोडले आणि माझ्याहून खाली वाकली. मी आणखी वाकलो, तशी तीही आणखी वाकली. शेजारचा स्वयंसेवक म्हणाला, “काका, घाबरवून राहिले ना तुम्ही तिला!” त्याने तिचा चेहरा बरोबर वाचला होता. का, ते मला थाई चालीरीतींबद्दल वाचायला लागल्यावर कळलं.

थाई लोक हात जोडतात त्याला ‘वाय’ म्हणतात. त्याचं आणि नमस्काराचं मूळ एकच, अंजलीमुद्रा. तळवे जुळलेले, मान लवलेली. फोटोत तर फरक ओळखूच येत नाही. फरक आहे तो कोणी, कोणाला, कधी हात जोडायचे यात.

आपल्या नमस्कारात आधी कोणी हात जोडायचे याचा नियम नाही. पुढारी मतदाराला जोडतो, दुकानदार गिऱ्हाइकाला जोडतो, आजोबा सुनेच्या माहेरच्यांना जोडतात. कोणालाच त्यात वावगं वाटत नाही. लहानमोठेपणा आपण हातात ठेवलेला नाही, तो पायाशी ठेवला आहे. वयाने मोठं कोणी आपल्या पायांकडे वाकू लागलं की आपण चटकन पाय मागे घेतो आणि म्हणतो, “अहो, मला पाप नका लावू!” थाई माणसाला नेमकी हीच कळ हात जोडण्यापाशी लागते. वयाने मोठ्याने लहानाला आधी वाय केला तर लहानाचं आयुष्य घटतं, अशी तिकडे जुनी समजूत आहे. मी त्या मुलीच्या पाया पडायला निघालो होतो, असंच जवळपास तिला वाटलं असणार.

म्हणून तिकडे लहानाने आधी वाय करायचा आणि मोठ्याने उत्तर द्यायचं. हात किती उंच न्यायचे हेही ठरलेलं असतं. बरोबरीच्या माणसाला वाय करताना अंगठे हनुवटीशी आणि बोटांची टोकं नाकाच्या शेंड्याशी. आईवडील, शिक्षक, वडीलधारे यांच्यासाठी अंगठे नाकाशी आणि टोकं भुवयांच्या मध्ये. बुद्धमूर्ती आणि भिक्खूंसाठी अंगठे भुवयांपाशी. लहानाचा वाय स्वीकारताना मात्र हात छातीशीच पुरतात. पोराटोरांना तर नुसती मान हलवली, हसलं तरी झालं. हॉटेलात वाढणाऱ्याने वाय केला तरी गिऱ्हाईक तितकाच परत करत नाही, आणि त्यात कोणी कोणाचा अपमान मानत नाही. भिक्खू गृहस्थाला उलट वाय करत नाहीत, अगदी राजालाही नाही. आपल्याकडेही ‘वंदामि भन्ते’ म्हटल्यावर भन्तेजी ‘सुखी होतु’ म्हणतात, हात जोडत नाहीत. त्यामुळे नागपुरातल्या इंदोऱ्यासारख्या बौद्ध वस्तीतल्या माणसाला ही गोष्ट सांगावी लागत नाही.

समोरचा मोठा की लहान हे कळल्याशिवाय असा वाय करायचा कसा? त्यामुळे ओळख होताच वय विचारणं तिकडे उद्धटपणाचं ठरत नाही. मोठ्याला ‘फी’, लहानाला ‘नाँग’. ‘फी’मध्ये आपले दादा आणि ताई दोन्ही आले.

आता शब्दांकडे येतो, कारण नागपूरकर म्हणून मला सगळ्यात जास्त काही वाटतं ते इथेच. वायबरोबर पुरुष ‘सवात्दी ख्रप’ म्हणतात, बायका ‘सवात्दी खा’. हा शब्द फार जुना नाही. १९३०च्या दशकात बँकॉकच्या चुलालाँगकॉर्न विद्यापीठात शिकवणारे भाषापंडित फ्रया उपाकित सिलपसान यांनी संस्कृत ‘स्वस्ति’वरून तो घडवला आणि १९४३मध्ये सरकारने तो अधिकृत केला. त्याच सुमारास आपल्या कामठीत आंबेडकरी चळवळीतले नेते बाबू हरदास एल. एन. यांनी ‘जय भीम’ रुजवला. त्याचं श्रेय त्यांनाच दिलं जातं. ‘जय भीम’ला उत्तर ‘जय भीम’च. समोर कलेक्टर असो की हमाल, शब्द तोच. हात किती उंच, आधी कोण, हा हिशोबच तिथे नाही. ज्यांना पिढ्यान् पिढ्या वाकायला लावलं, त्यांना हा अभिवादनाचा शब्द काय देऊन गेला ते मी माझ्याच घरात पाहिलं आहे.

पण म्हणून वायला उच्चनीचतेचं माप लावणं मला पटत नाही. तिथे वाय करणारा जन्माने ठरत नाही. आज जी मुलगी शिक्षकांना वाय करते तिला उद्या तिचे विद्यार्थी करतील. थाई शाळांत ‘वाय ख्रू’ म्हणजे गुरुवंदना असते, बहुतेक जून महिन्यात आणि रीतीप्रमाणे गुरुवारी. मुलं शिक्षकांपुढे तीन गोष्टी ठेवतात: सुईसारख्या टोकदार कळ्यांची फुलं, म्हणजे बुद्धी तशी तीक्ष्ण व्हावी; हरळी, म्हणजे विद्या तशी पसरावी; आणि वांग्याचं फूल, कारण ते नेहमी खाली झुकलेलं असतं. वांग्याच्या भाजीवर वाढलेल्या विदर्भात इतक्या वर्षांत ते फूल मी कधी नीट पाहिलं नव्हतं. वाय ख्रूबद्दल वाचल्यावर वाडीत जाऊन पाहिलं. खरंच मान खाली घालून असतं.

बुद्धमूर्तीपुढे मात्र दोन्हीकडचं वंदन पुन्हा जवळ येतं. थाई लोक ‘क्राप’ करतात: गुडघे, तळहात आणि कपाळ जमिनीला टेकवून तीन वेळा. आपला पंचांग प्रणाम तोच.

यंदा स्टॉलवर काम करणाऱ्या पोरांना मी एवढंच सांगितलं आहे की पाहुणे वयाने मोठे असतील तर बिनधास्त आधी ‘जय भीम’ करा, तुमच्या वयाला ते थाई रीतीनेही बरोबर बसतं. भिक्खूंनी उलट हात जोडले नाहीत तर मनाला लावून घेऊ नका. पोरींनी थाई भिक्खूंच्या हातात थेट बाटली देऊ नये, समोर टेबलावर ठेवावी, ते उचलून घेतात. आणि आम्ही पिकल्या केसांच्या लोकांनी क्षणभर थांबायचं, समोरच्या मुलीला आधी हात जोडू द्यायचे आणि मग आपले हात छातीशी धरायचे.