सर्च इंजिनमधील बदल आणि एसईओ

एसईओ म्हणजे सर्च इंजिनच्या निकालांत पान वर यावे म्हणून वेबसाइटची रचना आणि मजकूर यांवर केले जाणारे काम. गूगल काय मोजते हे बदलत गेले, तसे हे कामही बदलले. सांगलीतील हळद-बेदाण्याची पेढी असो वा साताऱ्यातील कंदी पेढ्यांचे दुकान, वेबसाइट करताना यांतले कोणते नियम बाद झाले हे आधी माहीत हवे.

सुरुवातीला एखादा शब्द पानावर किती वेळा येतो आणि बाहेरून किती लिंक येतात यांवर भिस्त होती. त्यामुळे ‘सांगली हळद’ हे शब्द पांढऱ्या पानावर पांढऱ्या अक्षरांत भरणे आणि लिंक विकत घेणे हेच एसईओ समजले जाई. फेब्रुवारी २०११ मध्ये गूगलने क्रमवारीत केलेल्या ‘पांडा’ बदलाने उथळ, उसन्या मजकुराची पाने खाली गेली. एप्रिल २०१२ मधील ‘पेंग्विन’ या बदलाने विकतच्या लिंकचे मोल घालवले. मेटा कीवर्ड टॅग (पानाच्या कोडमध्ये लपलेली शोधशब्दांची यादी) क्रमवारीत धरत नसल्याचे गूगलने २००९ मध्येच सांगितले होते, म्हणून तो भरून देण्याचे पैसे मोजू नयेत. तासगाव, जत, वाळवा अशी नुसती नावे बदलून केलेली पानेही उपयोगाची नाहीत. त्याऐवजी एकाच पानावर राजापुरी हळद, हळकुंड की पावडर, पोत्याचे वजन, किमान मागणी आणि भाव कोणत्या तारखेचा, हे लिहावे.

मराठी पानांची खरी अडचण लिपीत आहे. जुन्या नॉन-युनिकोड फॉन्टमध्ये पडद्यावर ‘हळद’ दिसते, पण आत रोमन अक्षरे आणि चिन्हे असतात. सर्च इंजिनला तिथे हळद सापडतच नाही. मजकूर युनिकोडमध्ये (प्रत्येक अक्षराला ठरावीक क्रमांक देणाऱ्या प्रमाण पद्धतीत) बदलला तरी रफार आणि पहिली वेलांटी जागा सोडतात, म्हणून मुद्रितशोधन टाळू नये. ‘साताऱ्याचे’ हा शब्द ‘ऱ’ वापरून किंवा ‘र’ला हलन्त व अदृश्य जोडचिन्ह देऊन लिहिता येतो. दोन्ही सारखेच दिसतात, पण त्यांचे संकेतांक (युनिकोडमधले क्रमांक) वेगळे. सगळ्या वेबसाइटवर एकच पद्धत ठेवावी. पानाचा देवनागरी वेबपत्ता कॉपी केला की प्रत्येक संकेतांकाची ९ चिन्हे होतात, म्हणजे ‘हळद’ची २७. व्हॉट्सॲपवर पाठवायचा पत्ता रोमन आणि आखूड बरा. भावाचा तक्ता चित्र म्हणून टाकू नये, मजकूर म्हणूनच लिहावा.

बर्ट ही भाषा समजून घेणारी गूगलची प्रणाली २०१९ मध्ये आली आणि त्याच वर्षअखेरीस मराठीसह सत्तरहून अधिक भाषांत वापरली जाऊ लागली. ‘हळदीचा’, ‘हळदीला’, ‘हळदीवर’ अशी सगळी रूपे मुद्दाम कोंबण्याची गरज तेव्हापासून उरली नाही.

एप्रिल २०१५ पासून मोबाइलवर नीट दिसणाऱ्या पानांना मोबाइल-शोधात झुकते माप मिळू लागले. पुढे गूगल पानाची मोबाइल आवृत्तीच वाचू लागले, त्यामुळे मोबाइलवर गाळलेला तक्ता गूगलसाठीही गळतो. वेगाची आजची मापे अशी: मुख्य भाग २.५ सेकंदांत दिसावा, बोट लावल्यावर २०० मिलिसेकंदांत प्रतिसाद मिळावा (हे माप मार्च २०२४ पासून) आणि पान उघडताना मजकूर जागचा हलण्याचा अंक ०.१ च्या आत राहावा. कॅमेऱ्यातून थेट चढवलेला बेदाण्याचा अवजड फोटो पहिले माप बिघडवतो; उशिरा येणारा देवनागरी फॉन्ट आणि रुंदी-उंची न दिलेली चित्रे तिसरे.

गूगल नकाशातील दुकानांचे निकाल मागणीशी जुळणे, अंतर आणि प्रसिद्धी यांवर ठरतात. दुकानाच्या नावात ‘सर्वोत्तम कंदी पेढे’ जोडणे नियमबाह्य असून त्याने दुकानाची गूगलवरील नोंद (प्रोफाइल) स्थगित होऊ शकते. नकाशावरची खूण (पिन) पाचगणीत आणि पत्ता महाबळेश्वरचा, असे असल्यास गिऱ्हाईकही चुकते.

कास पठारावरील फुलांच्या हंगामासाठी दरवर्षी नवे पान काढू नये. जुन्याच वेबपत्त्यावरील मजकूर ताजा करावा, कारण त्याला मिळालेल्या लिंक तिथेच असतात. वेबपत्ता बदलावाच लागला तर ३०१ रीडायरेक्ट (जुन्या पत्त्यावरून नव्यावर कायमचे वळवणे) देऊन सर्च कन्सोल या गूगलच्या साधनात नवे पान तपासावे.