हरणाची शेपटी आणि बास मासा

केसांची जिग म्हणजे गळावर ओतलेलं शिशाचं डोकं आणि त्यामागे दोऱ्याने आवळून बांधलेला केसांचा झुबका. अमेरिकेत तळ्या-नद्यांतल्या बास माशासाठी हौशी मंडळी आजही ती घरीच बांधतात. यातला झुबका फार जुना आहे.

वनस्पतींच्या शोधात १७७३ ते १७७७ या काळात अमेरिकेच्या दक्षिण भागात हिंडलेल्या विल्यम बार्ट्रमचं प्रवासवर्णन १७९१ मध्ये छापलं गेलं. फ्लोरिडात पाहिलेल्या ‘बॉब’ नावाच्या आमिषाबद्दल त्याने बारकाईने लिहिलं आहे. तीन मोठे गळ पाठीला पाठ लावून बांधायचे आणि ते हरणाच्या शेपटीचे पांढरे केस, लाल पट्ट्याच्या चिंध्या नि रंगीत पिसांनी पुरते झाकून टाकायचे. झुबका मुठीएवढा! दहा-बारा फुटी काठीला दोरी मात्र जेमतेम वीस इंच. एकाने होडी काठाकाठाने न्यायची, दुसऱ्याने पुढे बसून बॉब झुडपांजवळ पाण्याला मधूनच टेकवत नाचवायचा. बॉबवर झेपावणाऱ्या माशाला बार्ट्रम ट्राउट म्हणतो. वर्णनावरून तो लार्जमाउथ, म्हणजे मोठ्या तोंडाचा बासच.

ओहायोतल्या ॲक्रनच्या निक क्रीमने १९४९ मध्ये गळाला लावायचं प्लास्टिकचं गांडूळ बनवलं आणि पुढे मऊ प्लास्टिकने दुकानं भरून गेली. बांधत बसायची कटकट नाही, तुटलं तर दुसरं लावा. तरी केस टिकले, त्याला कारण थंडी. गार पाण्यात प्लास्टिक ताठरतं. केस मात्र काठी न हलवताही हलत राहतात. पूर्व टेनेसीच्या खोल जलाशयांत म्हणूनच हिवाळ्यात तरंड्याखाली आठ-दहा फुटांवर इवलीशी जिग लोंबकळत सोडतात. शिवाय शिकारीच्या हंगामातली एक शेपटी कित्येक जिगना पुरते. बांधताना चिमूटभर केस गळाच्या दांडीवर धरून आधी दोन सैल वेढे द्यायचे, मग आवळायचं. पहिलाच वेढा करकचून ओढला तर केस गळाभोवती फिरतात.

वाद आहे तो शिशाचा. ते ३२७ अंश सेल्सिअसला वितळतं, म्हणून घरच्या साच्यात ओतता येतं. पण ते गिळून हंस मरू लागल्यावर ब्रिटनने १९८७ मध्ये मासेमारीच्या दोरीला लावायच्या बहुतेक लहान शिशाच्या वजनांवर बंदी घातली. न्यू हॅम्पशायरमध्ये लून पक्ष्यांसाठी छोट्या शिशाच्या जिगवरही निर्बंध आले. कथील आणि टंगस्टनचे पर्याय त्यातूनच पुढे आले. टंगस्टन घरी ओतता येत नाही, तयारच घ्यावं लागतं.

आपल्याकडे मात्र चितळ-सांबराचे केस या कामी वापरायचा विचारही नको, १९७२ चा वन्यजीव कायदा आडवा येतो. शेळीचे लांब केस घ्यावेत.