पेन ड्राईव्हमधला संगणक

बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या मराठी शाळांत संगणकाची खोली असली, तरी त्यातली बरीच यंत्रं जुनी असतात. विंडोज १० साठीचं नेहमीचं मोफत सुरक्षा-अपडेट मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबवलं. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप आणि तुलनेने नवा प्रोसेसर लागतो. मग ही यंत्रं भंगारात काढायची बोलणी सुरू होतात. माझं आग्रहाचं सांगणं आहे की त्याआधी लिनक्स चढवलेला ८ जीबीचा एक पेन ड्राईव्ह लावून बघा.

लिनक्स ही विंडोजच्या जागी वापरता येणारी मोफत संगणकप्रणाली; ती हार्ड डिस्कवर न बसवताही चालते. उबुंटू किंवा लिनक्स मिंट या तिच्या प्रकारांपैकी एकाची आयएसओ फाइल, म्हणजे अख्खी प्रणाली भरलेली एकच फाइल, उतरवून घ्यायची आणि रुफससारख्या प्रोग्रॅमने पेन ड्राईव्हवर चढवायची. नुसती कॉपी करून चालत नाही, आणि ड्राईव्हवरचं आधीचं सगळं पुसलं जातं, म्हणून घरचे फोटो असलेला ड्राईव्ह यासाठी घेऊ नका. मग ड्राईव्ह लावून संगणक सुरू करताच एफ१२ दाबायचं. काही कंपन्यांच्या यंत्रांवर ती कळ एफ९ किंवा एस्केप असते. यादीतून पेन ड्राईव्ह निवडला की त्यावरचा दिवा भराभर लुकलुकू लागतो. लिनक्सचा गाभा, म्हणजे कर्नल, रॅममध्ये येतो आणि समोर कोणता डिस्प्ले, कोणतं नेटवर्क कार्ड आहे ते स्वतः तपासून त्या-त्या भागाचा ड्रायव्हर, म्हणजे तो भाग चालवणारा प्रोग्रॅम, उचलतो. म्हणूनच तोच ड्राईव्ह शाळेतल्या डेलवरही चालतो आणि घरच्या एचपीवरही.

खरी गंमत पुढे आहे. क्लाउस क्नॉपर या जर्मन अभियंत्याने २००० साली क्नॉपिक्स नावाचं लिनक्स आणलं, ते सीडीवरून चालायचं. सीडीवरचं काही बदलता येत नाही, पण चालू संगणकाला तर सतत काहीतरी लिहावं लागतं. यावरचा तोडगा म्हणजे दोन थर. खाली स्क्वॉशएफएस नावाची, आकुंचित केलेली, फक्त वाचता येणारी फाइल. वर रॅममधला कोरा थर. नकाशावर ट्रेसिंग पेपर ठेवून त्यावरच रेघा ओढाव्यात, तसं हे काम चालतं. एखादी फाइल बदलली की तिची प्रत वरच्या थरात येते आणि बदल त्या प्रतीत होतो. फाइल पुसली तर वर फक्त ‘ही दाखवू नये’ अशी खूण पडते; खाली ती जशीच्या तशी असते. दोन्ही थर एकच असल्यासारखे दाखवणारं ओव्हरलेएफएस २०१४ मध्ये कर्नलच्या ३.१८ या आवृत्तीत सामील झालं.

खानापूरच्या पावसात लाईट अचानक जाते तेव्हा याचा फायदा कळतो. वरचा थर रॅमबरोबर पुसला जातो, पण खालची मूळ प्रणाली बिघडत नाही, कारण तिच्यावर कोणी लिहीतच नव्हतं. मुलांनी कितीही सेटिंग बदलल्या तरी यंत्र पुन्हा सुरू केलं की सगळं पहिल्यासारखं.

मात्र केलेलं काम टिकवायचं असेल तर ड्राईव्ह तयार करतानाच ‘पर्सिस्टन्स’साठी जागा राखावी लागते. मग वरचा थर रॅमऐवजी ड्राईव्हवर राहतो. इथे स्वस्त पेन ड्राईव्ह दम टाकतो: फ्लॅश मेमरीत थोडंसं बदलायचं तरी मोठा ब्लॉक पुसून पुन्हा लिहावा लागतो, आणि पुसण्याच्या फेऱ्यांना मर्यादा असते. चांगल्या प्रतीचा यूएसबी ३ ड्राईव्ह घ्यावा. मिंटसाठी रॅमही किमान २ जीबी हवी, ४ असेल तर उत्तम. त्याहून कमी असेल तर पपी लिनक्स हा लहान प्रकार हलका पडतो.

आपल्या भागातल्या मुलांसाठी मला सर्वांत मोलाचा वाटतो तो इनस्क्रिप्ट, म्हणजे भारतीय भाषांसाठीचा प्रमाण कळफलक. तो लिनक्समध्ये मराठीसाठीही आहे आणि कन्नडसाठीही, आणि दोन्हींत अक्षरांच्या जागा बहुतांशी एकच आहेत. के या कळेवर मराठीत क उमटतो, भाषा बदलली की तिथेच कन्नड क. शिफ्ट धरून एन दाबलं की ळ, दोन्हीकडे. कन्नडमधले ऱ्हस्व ए आणि ओ तेवढे वेगळे शिकावे लागतात. सेटिंगमध्ये दोन्ही कळफलक जोडून पर्सिस्टन्सच्या जागेत साठवले की दुसऱ्या यंत्रावर ते पुन्हा जोडायची गरज नाही. मराठीचा निबंध आणि कन्नडचा गृहपाठ एकाच ड्राईव्हवर, एकाच बैठकीत टंकता येतो.