पावसाळी नाल्यांतील धातुप्रदूषण (ठाणे खाडी परिसर)

रस्ते, छपरे, गॅरेजे आणि कारखान्यांची आवारे धुऊन आलेल्या पावसाच्या पाण्यातून जस्त, तांबे, शिसे, कॅडमियम, क्रोमियम असे धातू ओढ्या-नाल्यांत उतरणे. घरातले सांडपाणी निदान प्रक्रिया केंद्राची वाट धरते. पावसाळी गटाराचे पाणी तसेच खाडीत जाते.

पारसिकच्या डोंगरातले ओढे पश्चिमेकडे उतरताना ठाणे-बेलापूर औद्योगिक पट्टा आणि रस्ता ओलांडून ठाणे खाडीला मिळतात. जस्त येते झिजलेल्या टायरांतून आणि गॅल्वनाइज्ड (जस्ताचा मुलामा दिलेल्या) पत्र्यांवरून, तांबे ब्रेकच्या भुकटीतून. पेट्रोलमधले शिसे 2000 साली देशभर बंद झाले, पण धातू कुजत नाही. तेव्हाचे शिसे मातीत आहेच, जुने रंग आणि बॅटऱ्या त्यात भर घालतात.

ऑक्टोबरपासून मेअखेरपर्यंत ही भुकटी साचत राहते. जूनच्या पहिल्या जोरदार सरीत गटाराच्या जाळीपाशी उभे राहिले, तर पाणी काळपट आणि वर तेलाचा तवंग दिसतो. अर्ध्या-पाऊण तासाने तेच पाणी बरेच निवळते. म्हणून ऑगस्टमध्ये एकदाच नमुना घेऊन नाला ठीक आहे म्हणणे चूक आहे.

बराचसा धातू बारीक गाळाला चिकटून वाहतो. विरघळलेला भाग थोडा, पण माशांच्या कल्ल्यांना तोच जाचतो. त्यातही पावसाचे पाणी मृदू, म्हणजे तांब्याचा मारा सौम्य करणारे कॅल्शियम त्यात कमी. खाडीच्या खाऱ्या पाण्यात चिकणमातीच्या गुठळ्या होऊन गाळ बसतो, तर कॅडमियम उलट गाळापासून सुटू लागते. तिवरांच्या प्राणवायू नसलेल्या चिखलात धातू सल्फाइडच्या रूपात अडकून पडतात. तो चिखल उपसला, हवा लागली, की पुन्हा मोकळे होतात. कालवे (शिंपल्यांतले जीव) पाणी गाळून खातात आणि जस्त, तांबे, कॅडमियम अंगात साठवतात. याच चिखलाच्या कडेने कोळी-आगरी कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या मासेमारी करत आली आहेत. इथले फ्लेमिंगो अभयारण्य 2015 मध्ये जाहीर झाले आणि 2022 मध्ये रामसर यादीत, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत, आले.

सिडकोने नवी मुंबईत बांधलेले धारण तलाव भरतीच्या वेळी पावसाचे पाणी थोपवण्यासाठी आहेत, पण पाणी थांबले की गाळ तळाशी बसतो, आणि धातूही. सर्वांत सोपा उपाय मात्र नालेसफाईतच आहे. मे महिन्यात काढलेला गाळ वाळावा म्हणून नाल्याच्या काठावरच ढीग घालून ठेवतात. तो वेळेत उचलला नाही, तर पहिल्याच पावसात धातूंसकट परत नाल्यात जातो.