यंत्रमाग उद्योगातील उत्पादनपद्धतीची निवड आणि उत्पादकता

कापड कोणत्या मागावर, कोणाच्या सुतातून आणि किती कामगार लावून विणायचे, याविषयी यंत्रमागधारक घेतो तो निर्णय म्हणजे या उद्योगातील उत्पादनपद्धतीची निवड. महाराष्ट्रात इचलकरंजी, भिवंडी, मालेगाव आणि सोलापूर ही या उद्योगाची मोठी केंद्रे आहेत. इचलकरंजीत जहागीरदार नारायणराव घोरपडे यांच्या प्रोत्साहनाने विठ्ठलराव दातार यांनी १९०४ मध्ये पहिला यंत्रमाग बसवला. आज त्याच गावात धोट्याचे साधे माग आणि एअरजेट माग शेजारशेजारच्या शेडमध्ये चालतात. जुने तंत्र मागे पडून नवे पुढे आले, एवढ्याने या सहवासाचा उलगडा होत नाही.

साध्या मागावर आडवा धागा कांडीवर गुंडाळलेला असतो, कांडी धोट्यात बसते आणि धोटा उभ्या धाग्यांमधून इकडून तिकडे फेकला जातो. कांडी संपली की विणकर माग थांबवून ती बदलतो. असा माग मिनिटाला साधारण १२० ते १६० आडवे धागे, म्हणजे पीक, टाकतो. रेपियर मागावर धातूची पट्टी धागा ओढून नेते, तर एअरजेटमध्ये हवेचा झोत. या मागांना धोटा नसतो. एअरजेटचा वेग मिनिटाला ६०० पिकांच्या पुढे जातो आणि धागा तुटताच माग आपोआप थांबतो.

फरक हिशेबात मांडला की स्पष्ट होतो. इंचाला ५२ पीक असलेले कापड १४० पिकांच्या वेगाने आणि ८० टक्के कार्यक्षमतेने, म्हणजे शंभरातली ८० मिनिटे माग चालता ठेवून, विणले, तर तासाला सव्वातीन मीटरच्या आसपास निघते. एअरजेटवर ७०० पिकांचा वेग आणि ९० टक्के कार्यक्षमता धरली, तर तेच कापड साडेअठरा मीटरच्या जवळ जाते. मग सर्वांनीच एअरजेट का घेतले नाहीत?

मुख्य कारण मालकीच्या रचनेत आहे. पुष्कळ मागधारक खर्चीवाले आहेत. व्यापारी सूत किंवा तयार बीम, म्हणजे उभे धागे गुंडाळलेला रूळ, देतो, कापड परत घेतो आणि पिकाच्या हिशेबाने मजुरी देतो. बाजार मंदावला की व्यापारी सूत देणे थांबवतो. कर्ज फिटलेला साधा माग चार आठवडे बंद ठेवणे जड जाते, पण सोसता येते. बँकेचा हप्ता चालू असलेला एअरजेट बंद ठेवला, तर मालक बुडू शकतो. म्हणून ज्याच्या हातात सूतखरेदी आणि कापडविक्री दोन्ही आहेत, किंवा ज्याच्याकडे वर्षभराच्या मागणीची हमी आहे, त्यालाच वेगवान माग खऱ्या अर्थाने परवडतो. खर्चीवाल्याच्या सावधपणाला मागासलेपण म्हणणे अन्यायाचे आहे. जोखमीचा बहुतेक भार त्याच्यावर पडतो आणि तो ते जाणून वागतो.

दुसरे कारण कापडाचे. धोटा परत फिरताना धागाही वळवून आणतो, त्यामुळे काठ अखंड आणि पक्का बसतो. धोतर आणि साडीत या काठाला मोल आहे. बिनधोट्याच्या मागावर प्रत्येक आडवा धागा काठाशी कापला जातो, त्यामुळे काठ वेगळ्या रीतीने बांधून घ्यावा लागतो. पुढे कापून शिवायच्या शर्टिंगला त्याने काही बिघडत नाही.

मोठ्या गिरण्यांनीही अशी निवड केली. विणाईचे काम स्वतःच्या छपराखालून काढून यंत्रमागांवर सोपवण्याकडे त्यांचा कल आधीपासून होता. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली १८ जानेवारी १९८२ रोजी मुंबईत सुरू झालेल्या संपानंतर तो वाढला आणि भिवंडीसारख्या केंद्रांकडे काम वळले.

उत्पादकता वाढवायला नवा मागच लागतो, हा समज मात्र चुकीचा आहे. वरच्या उदाहरणातील साध्या मागाची कार्यक्षमता ६५ टक्के असेल, तर उत्पादन तासाला सुमारे २.७ मीटर राहते. ती ८० टक्क्यांवर नेली, तर जवळजवळ चौथा हिस्सा कापड जास्त मिळते. ही वाढ बहुधा मागाच्या आधी घडते. सायझिंगमध्ये, म्हणजे उभ्या धाग्यांना खळ लावताना, ती नीट बसली नाही, तर उभे धागे घासून तुटतात. सुताची जाडी एकसारखी नसेल, तर तुटणे वाढते. शेडमधली हवा कोरडी पडली, तर सुती धागा ठिसूळ होतो. बीमवर जास्त लांबीचे सूत घेतले, तर बीम कमी वेळा बदलावा लागतो आणि मागाच्या वही-फणीतून, म्हणजे उभे धागे वेगळे धरणाऱ्या भागांतून, ते ओवण्यात जाणारा वेळ वाचतो. जॉबरने, म्हणजे मागाच्या मिस्त्रीने, वेळीच केलेली दुरुस्ती आणि माग कशामुळे किती मिनिटे थांबला याची रोजची नोंद, हे उपाय स्वस्त आहेत. तरीही लहान शेडमध्ये ही नोंद क्वचितच ठेवली जाते.

केंद्र सरकारने १ एप्रिल १९९९ पासून तंत्रज्ञान उन्नयन निधी योजनेतून कर्जाच्या व्याजावर सवलत दिली. त्यातून आधुनिक माग आले, तसेच युरोपात वापरलेले जुने मागही. विजेचा दर हा वेगळा घटक आहे. एअरजेटला दाबाखालची हवा सतत लागते, त्यामुळे त्याचा वीजखर्च मोठा असतो. राज्याच्या वीजसवलतीत २७ अश्वशक्तीपर्यंतचा आणि त्यावरचा भार असा भेद केला जातो, म्हणून किती आणि कोणते माग बसवायचे हे ठरवताना त्याचाही विचार होतो.

कामगाराच्या बाजूने हा प्रश्न वेगळा दिसतो. विणकराची मजुरी कापडाच्या मीटरवर ठरते. चार मागांऐवजी आठ माग सांभाळले, तर मालकाच्या हिशेबात माणशी उत्पादन वाढते. पण प्रतिमीटर दर त्या प्रमाणात खाली आला, तर विणकराच्या वाट्याला फक्त जास्त चालणे आणि जास्त लक्ष ठेवणे येते. धोट्याच्या मागांच्या शेडमधला आवाज ९० डेसिबलच्या वर असतो आणि त्याने कान कायमचे अधू होऊ शकतात. कांड्या भरणारे कांडीवाले, कापडाच्या घड्या घालणारे घडीवाले आणि धागे ओवणारे वही-फणी कामगार यांचे काम नव्या यंत्रांनी कमी होते, म्हणून मजुरीच्या वाटाघाटींत त्यांचाही स्वतंत्र विचार व्हायला हवा.